लातूरचा गोल शिक्का

व्यंकटी सोनकांबळ्याच्या घरात देव नव्हते. ते त्याच्या बापानं छप्पन साली गाठोड्यात बांधून नदीत सोडले होते, आणि व्यंकटीनं त्यांची कधी आठवणही काढली नाही. पण माणसाला कशावर तरी भरवसा ठेवल्याशिवाय राहवत नाही. व्यंकटीनं तो शिक्क्यावर ठेवला. चौकोनी नव्हे, तो आवक-जावकचा, कुणीही मारतो. गोल. गोल शिक्का म्हणजे साक्षात सरकार. त्याच्या बापाला एका दाखल्यापायी तालुक्याला तीनदा पायी जावं लागलं होतं, आणि दोनदा 'शिक्का पुसट आहे' म्हणून तो कागद हातात परत मिळाला होता. तिसऱ्यांदा ठसा ठळक उमटला आणि त्या कागदावर व्यंकटीला शिपायाची नोकरी लागली. मग अशा माणसाला शिक्क्याचं वेड लागणार नाही तर काय होणार?

ब्याऐंशी साली लातूर उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला. फायलींनी भरलेल्या ट्रकवर बसून व्यंकटी लातूरला आला. नव्या जिल्ह्याचा नवा गोल शिक्का आला, तेव्हा कोऱ्या कागदावर पहिला ठसा मारून बघायचा मान त्याला मिळाला. ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगायचा, आणि एकदा सांगितलेल्याला पुन्हा सांगायचा. पुढं पाऊस दगा देत गेला. पंच्याऐंशीच्या हिवाळ्यातच विहिरींनी तळ दाखवला. जिल्हा तेवढा आपल्याला मिळाला, पाणी उस्मानाबादेतच राहिलं, असं लोक चेष्टेनं म्हणत. पण हसायला त्यांच्या घशाला ओल नव्हती.

व्यंकटीची लेक पंचशीला नांदेडला वसतिगृहात राहून बी. एस्सी. करत होती. शेवटचं वर्ष. तिथल्या अमृतराव सरांना दुष्काळात एक खूळ सुचलं होतं. पोरांच्या हाती बाटल्या देऊन ते त्यांना लोहा, भोकरकडच्या विहिरींवर पाठवत आणि त्या पाण्यात काय काय आहे ते प्रयोगशाळेत तपासून घेत. पोरं चार-दोन विहिरी करून कंटाळली. पंचशीलानं एकटीनं एकसष्ट विहिरी केल्या. एका गावात तर गावच्या विहिरीपेक्षा बौद्धवस्तीची विहीर साफ निघाली. तिनं हे घरी सांगितलं तेव्हा व्यंकटी हसून हसून खोकला.

"गावात सांगितलंस का मंग?"

"सांगितलं की. सरपंच म्हणला, तुझी बाटली बाटली आसंल."

हे सगळं तिनं इंग्रजीत लिहून काढलं, आणि सरांच्या नादानं अमेरिकेतल्या मुलींच्या एका कॉलेजला अर्ज करायचं ठरवलं. दोन वर्षांचं पुढचं शिक्षण. राहणं, खाणं, विमानाचं तिकीट, सगळं कॉलेजचं. बाहेरच्या देशांतून मात्र एकच मुलगी घेणार. एकच. पंचशीला हे सांगताना नेहमी एक बोट वर करायची, आणि ते बोट म्हणजे आपणच असल्यासारखी त्याच्याकडं बघायची.

तिची आई सरजाबाई म्हणाली, "तितं बी हिरीच बघत हिंडायचं का गं?"

"हाव. तितल्या बी बघीन."

"बघ बाई. पाणी तरी आसंल तितं."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी पंचशीला कागद घेऊन लातूरला आली. अर्जाला बापाच्या उत्पन्नाचा दाखला जोडायचा होता, तो लातूरलाच निघणार होता, आणि तिला तर दुसऱ्याच दिवशी प्रात्यक्षिकाला हजर राहायचं होतं. तिनं सगळं बापाच्या हवाली केलं. त्यात दोन पाकिटं चिकटवून बंद केलेली होती.

"आबा, ह्या एकात सरांचं पत्र हाय, अन् दुसऱ्यात कॉलेजचे मार्क. ही आशीच्या आशी जाऊ द्या. तुमचा दाखला निघाला की मोठ्या पाकिटात घाला अन् रजिस्टर करा. पंधरा जानेवारीच्या आत तिकडं पोचलं पायजे."

"तू बिनघोर जा, माय. कागद कसा पाठवायचा ते मला शिकवून राहिली का? हयात गेली माझी."

पंचशीलाला हसू आलं. गाडीची वेळ झाली होती. पाकिटं बंद का ठेवायची, ती फोडली तर काय होईल, हे तिनं सांगितलं नाही. तिला ते सांगायचं सुचलंच नाही. आणि 'आशीच्या आशी' म्हणजे उशीर न करता, असं व्यंकटीनं धरलं.

दाखला आठवड्यात निघाला. वरती गोल शिक्का, कसा चंद्रासारखा. व्यंकटीनं तो मोठ्या पाकिटात घालताना ती दोन बंद पाकिटं हातात घेऊन उलटीपालटी केली, आणि उजेडात धरून बघितली. पाकिटाच्या तोंडावर सरांनी निळ्या शाईत आडवी सही ठोकली होती. बस्स. शिक्का नाही, मोहर नाही, काही नाही. वर असं, तर आत काय असेल?

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. वीस वर्षांत त्यानं काय काय बघितलं होतं! बिनशिक्क्याचा कागद साहेब नुसता बोटानं बाजूला सारतात, वाचतही नाहीत. म्हाताऱ्या बायाबापड्या तेवढ्यासाठी वीस-वीस कोस परत जातात. ही तर आपल्या इथली गत. अमेरिकेत अमृतराव सरांना कोण ओळखतं? कुणीही उठावं, टाईप करावं आणि खाली सही करावी, तर तिकडच्या साहेबांनी ती खरी कशावरून मानावी? पोरगी हुशार, पण कचेरी तिनं बघितलेली नाही. हे आपणच बघायला पाहिजे.

कचेरीसमोरच्या हॉटेलात चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून त्यानं दोन्ही पाकिटं अलगद सोडवली. आत तीन कागद निघाले. सुबक टाईप केलेले, खाली सरांची सही, कॉलेजचा पुसट चौकोनी ठसा. व्यंकटीनं कपाळाला हात लावला. बरं झालं आपण बघितलं, असंच त्याला वाटलं. देवाच्या नावानं नाही, पण मनातल्या मनात त्यानं कुणाचे तरी आभारही मानले.

आता सही कुणाची घ्यायची? उपजिल्हाधिकारी साहेबांची. साहेब मात्र कचेरीत सापडायला तयार नव्हते. दुष्काळी कामांवर सकाळी जीप निघायची ती दिवेलागणीला परत यायची. शिक्का असायचा अव्वल कारकून हणमंतरावांच्या टेबलात. हणमंतराव मनानं बरा माणूस, पण जिभेला लगाम नाही. "ने बाबा, पण हरवलास तर तुझ्या कपाळावर डागणी देऊन त्याचाच शिक्का करीन," असं म्हणून त्यांनी शिक्का आणि शाईची गादी व्यंकटीच्या डब्याच्या पिशवीत घातली.

औशाकडं पाझर तलावाचं काम चालू होतं. तिकडं पाण्याचा टँकर निघाला, त्याच्या ड्रायव्हरशेजारी बसून व्यंकटी गेला. दोन-अडीचशे बायामाणसं मातीच्या पाट्या वाहत होती. साहेब जीपच्या बॉनेटवर हजेरीपट घेऊन उभे होते, तोंडावर धुळीचा थर. व्यंकटीनं कागद पुढं केले.

साहेबांनी ते वाचले. "अरे, हे तर मूळ कागद आहेत. यांच्यावर मी कशाला सही करू?"

"सायब, पोरगी अमेरिकेला चालली. आपल्या नांदेडच्या मास्तरला तितं कोण वळखतंय? तुमची दस्तखत आन् आपल्या जिल्ह्याची मोहर आसली म्हंजे त्यांला भरवसा येतो."

साहेब दमलेल्या माणसासारखे हसले. दिवसभर ज्याला त्याला नाहीच म्हणावं लागत होतं. निदान एका माणसाला हो म्हणता येत होतं. त्यांनी तिन्ही कागदांवर सही केली. व्यंकटीनं शिक्का काढला तर गादी वाळून खडंग झालेली. त्यानं शेजारच्या बाईच्या तांब्याकडं हात केला.

"आमाला प्यायला न्हाई अन् शिक्क्याला पाणी पाजून राहिला का रे दादा?" ती म्हणाली. पण चार थेंब दिले तिनं.

ठसे काय उमटले! काठ न् काठ, अक्षर न् अक्षर. तिन्ही कागदांवर लातूर ठळक वाचता येत होतं. परत आल्यावर व्यंकटीनं ते पाकिटांत घातले, नवा डिंक लावला, आणि जिथं सरांची सही होती तिथं पाकिटाच्या तोंडावरही एकेक शिक्का हाणला. मग रजिस्टर केलं आणि पावती सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. त्या संध्याकाळी त्यानं सरजाबाईला सांगितलं, "सर ते सर, पण बापाचं काम बापालाच करावं लागतं." आयुष्यात इतकं चोख काम आपण केलं नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि तो खरोखर सुखात होता.

मार्चच्या चोविसाला अमेरिकेचं पत्र आलं. जाड, गुळगुळीत पाकीट. सरजाबाईनं ते पदरानं पुसून फडताळात ठेवलं होतं.

"पोरीचं हाय. पोरीला पाठवा," ती म्हणाली.

"पाठवतो की. पण काय आलंय ते तर बघू."

दुसऱ्याचं पाकीट उघडायची त्याला आता सवयच लागली होती म्हणायची. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यानं ते फोडलं आणि हणमंतरावांपुढं धरलं. कचेरी भरलेली होती. टँकर मागायला आलेली माणसं दारापर्यंत उभी होती. हणमंतरावांनी चष्मा लावला, आणि मोठ्यानं वाचायची त्यांची खोड, ती काही सुटली नाही. एक एक वाक्य वाचून ते मराठीत सांगू लागले.

"अर्ज मिळाला म्हणतात. आभारी आहोत म्हणतात. पुढं... शिफारसपत्र आणि गुणपत्रक बंद पाकिटात यायला पाहिजे होतं. ते मधेच उघडलेलं दिसतं. कागदांवर भलत्याच कुणा अधिकाऱ्याच्या सह्या आणि शिक्के आहेत. ज्यानं पत्र लिहिलं त्याच्याशिवाय ते कुणी हाताळलेलं चालत नाही. म्हणून हे कागद आम्ही धरू शकत नाही..." हणमंतरावांनी चष्म्यावरून बघितलं. "व्यंकटी, अरे, शिक्के मारून घ्यायला तू माझ्याकडून..."

दारातली माणसं माना वर करून बघत होती. एकजण फिसकन हसला, दुसऱ्याच कशाला तरी हसला असेल. पण व्यंकटीला ते हसू आपल्याच अंगावर आल्यासारखं वाटलं. त्यानं हणमंतरावांच्या हातातून कागद ओढून घेतला.

"बास, रावसाहेब. कळलं मला."

"अरे, पुरतं वाचू तर दे..."

"कळलं म्हणलो ना!"

शिपायानं अव्वल कारकुनाच्या अंगावर ओरडावं, असं त्या कचेरीत कधी घडलं नव्हतं. हणमंतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते रागावले नाहीत, उलट त्यांना कसंतरीच वाटलं, आणि पुढं त्यांनी तो विषय व्यंकटीपुढं कधी काढला नाही. काढला असता तर फार बरं झालं असतं.

घरी सरजाबाईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मागून कळवतो म्हणले." पत्र त्यानं आपल्या पेटीत, गणवेशाच्या खाली, तळाला घातलं. लेकीची परीक्षा पुढच्या महिन्यात होती. आता हे तिच्या कानावर घातलं तर ती पेपर काय लिहील? परीक्षा होऊ दे, मग आपणच सांगू, समोर बसून सांगू. हे कारण इतकं शहाणपणाचं होतं की त्यात स्वतःची भीती कुठं दडली आहे, हे त्याचं त्यालाही दिसलं नाही. की दिसलं, आणि त्यानं बघायचं टाळलं. बापांचं असंच असतं. लेकरांपुढं एकदा मोठेपणा मिरवला की मग खाली उतरायला पायरी सापडत नाही.

पंचशीलाचं दर आठवड्याला कार्ड यायचं. खुशाली दोन ओळींत, आणि शेवटी एकच वाक्य: अमेरिकेचं काही आलं का? व्यंकटी शिसपेन्सिल ओली करून उत्तर लिहायचा: नाही. अभ्यास कर. पाण्याची टंचाई आहे. एकदा तिनं लिहिलं, सर म्हणतात, एवढा उशीर म्हणजे नकारच असणार. माझंच इंग्रजी कमी पडलं असेल. ते कार्ड व्यंकटीनं तीनदा वाचलं. तिचं काही कमी पडलेलं नाही, एवढं तरी लिहावं म्हणून त्यानं पेन्सिल उचलली आणि मग तेही लिहिलं नाही. एवढं लिहिलं तर पुढचंही लिहावं लागलं असतं.

एप्रिल असाच गेला. टँकरच्या खेपा मोजायला त्याला मुरूडकडं पाठवलं. दिवसभर उन्हात उभा राहून तो घागरींवरून भांडणाऱ्या बायांना आवरायचा, आणि मध्येच पेटीतलं पत्र आठवून हातातली शिट्टी वाजवायची विसरायचा.

मेच्या अकरा तारखेला परीक्षा संपवून पंचशीला घरी आली. उन्हानं काळवंडलेली, वाळलेली. पेपर चांगले गेले होते. जेवण झाल्यावर ती ओसरीत बसली, तेव्हा व्यंकटी पेटीकडं गेला, पत्र काढून आणलं आणि तिच्या हातात द्यायच्या आधीच सगळं बोलून टाकलं. किटलीची वाफ, औशाचा तलाव, साहेबांची सही, शिक्के, हणमंतरावांनी भर कचेरीत केलेलं वाचन. काही ठेवलं नाही.

"मीच उगडली, माय, पाकिटं. तुजं काईच कमी न्हाई पडलं. मीच माती केली. दीड म्हैना सांगितलं न्हाई तुला. पेपर बिगडतीन म्हणून."

पंचशीलानं पत्राचं पहिलं पान वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. मग तिनं बापाचा हात धरला. शिक्के मारमारून त्याच्या अंगठ्याच्या बाजूला कायमचा जांभळा डाग पडला होता.

"जाऊ द्या, आबा," ती म्हणाली. "तुमाला काय म्हाईत? मी बी सांगायला पायजे होतं. मी कुटं सांगितलं?"

व्यंकटी रडला. सरजाबाई आतून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. सात आठवडे छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं त्याला झालं. लेक किती शहाणी, किती मोठ्या मनाची! आपण उगाच भ्यालो. हे मार्चमध्येच सांगितलं असतं तर ती तेव्हाही असंच म्हणाली असती.

"दुसरीकडं कुटं बी अर्ज कर तू," तो म्हणाला. "मी हात बी लावत न्हाई कागदाला."

"हाव," पंचशीला म्हणाली आणि पत्राची घडी करता करता तिनं पान उलटलं. मागंही मजकूर होता. पाच-सहा ओळी आणि खाली सही.

ती वाचू लागली. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"आबा, हणमंतरावांनी हे मागलं न्हाई वाचलं?"

"मीच वाचू दिलं न्हाई. समदे ऐकून राहिले होते. लाज वाटली मला. काय हाय त्याच्यात?"

तिनं आवाज न चढवता एकेक ओळ मराठीत करून सांगितली. "तुमचा विहिरींवरचा लेख आमच्या सगळ्यांना आवडला. कागदांबद्दल तुमच्याकडची पद्धत वेगळी असेल, हे आम्ही समजतो. तुमच्या सरांनी नवं पत्र लिहून आणि कॉलेजनं गुणपत्रक काढून, कुणाच्या हाती न देता, आमच्याकडं थेट पाठवावं. पंचवीस एप्रिलपर्यंत पोचलं तर ही जागा तुमची. तोपर्यंत आम्ही ती राखून ठेवतो. नाही पोचलं, तर दुसऱ्या मुलीला द्यावी लागेल."

व्यंकटी उठला. त्यानं खुंटीवरची टोपी घेतली, चपला शोधू लागला. "आत्ता जातो. नांदेडची गाडी आसंल. सरांचे पाय धरतो. नायतर तार करू, तार एका दिसात जाती..."

"बसा, आबा."

"दोन आठवडेच तर झाले. दोन आठवड्यांत काय..."

"दिली त्यांनी ती जागा कुणाला तरी. बसा."

तो एका पायात चप्पल घालून तसाच उभा राहिला. पंचशीलानं पत्राच्या आधीच्याच घड्या धरून ते दुमडलं. तिचा चेहरा रागाचा नव्हता, रडवेलाही नव्हता. तिच्या वयाच्या पोरीचाच नव्हता. ती उठून आत जाऊ लागली, तेव्हा व्यंकटीनं तिची वाट अडवली.

"मगाशी म्हणलीस ना गं, जाऊ द्या म्हणून?" त्यानं टोपी दोन्ही हातांत धरली होती. "पुन्यांदा म्हण की एकदा, माय."

पंचशीलानं त्याच्याकडं बघितलं. म्हणावं असं तिलाही वाटलं असावं, कारण तिचे ओठ हलले.

"म्हणीन, आबा," ती म्हणाली. "पण आज न्हाई होत."